ज्युबिलीचें शिंग आणि प्रायश्चित्ताचा दिवस

(देवमंदिराच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



आपल्या देवमंदिराच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांला दिला, याबद्दल आम्ही आपले आभारी आहों. आमच्या आधींच्या वक्त्यांनीं या मंदिराचा पाया कसा घातला गेला, लोकांनीं डोक्यावरून दगड व वाळू कशी वाहिली, घंटा केव्हां चढली, शाळेचे वर्ग कसे वाढत गेले, हें सर्व इतक्या आपुलकीनें सांगितलें आहे कीं, त्यांत भर घालण्याजोगें आमच्यापाशीं कांहीं उरलें नाहीं. म्हणून आम्ही एका निराळ्या विषयाकडे आपलें लक्ष वेधणार आहों. सणाच्या दिवशीं तो कोणास कडवट वाटेल. तो विषय म्हणजे पाप, पश्चात्ताप आणि क्षमा. परंतु ज्युबिलीच्या दिवशीं याहून उचित विषय दुसरा नाहीं, हें आपणांस लवकरच पटेल अशी आम्हांला आशा आहे.

‘ज्युबिली’ हा शब्द मूळचा हिब्रू असून त्याचा संबंध मेंढ्याच्या शिंगाशीं जोडतात. जुन्या करारांतील लेवीय नामक पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत देवानें इस्राएल लोकांना आज्ञा केली आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर येणारें पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. ज्यानें गरिबीमुळें आपलें वडिलोपार्जित शेत विकलें असेल, त्याला तें त्या वर्षीं परत मिळावें. जो कर्जापायीं दुसऱ्याचा चाकर झाला असेल, त्यानें मोकळें होऊन आपल्या कुळांत परत जावें. जमिनीलाही विसावा मिळावा. या वर्षाची द्वाही शिंग फुंकून देशभर फिरवावयाची असे. आतां हें शिंग फुंकावयाचें कोणत्या दिवशीं? सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं. त्या दिवशीं लोक उपास करीत, आणि प्रमुख याजक सर्व प्रजेच्या पापांसाठीं देवापुढें प्रायश्चित्तविधि करी. आधीं पापांची कबुली आणि मग आनंदाचें शिंग, असा हा देवानें घालून दिलेला क्रम आहे. ज्या ज्युबिलींत कबुली नाहीं ती केवळ वाढदिवस होय.

मग कबुली कशाची द्यावयाची? त्यासाठीं मनुष्याच्या पहिल्या घराकडे वळलें पाहिजे. पाप जगांत कसें शिरलें, ही कथा उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत आहे, आणि आपल्या मराठी भाषेंतही ती चारशें वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स हे इ. स. १५७९ सालीं गोव्यास आले व तेथेंच आमरण राहिले. त्यांनीं रचलेलें सुमारें ११ हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागांत प्रभु येशूचें चरित्र आहे; पण पहिल्या भागांत सृष्टीची उत्पत्ति, आदाम आणि एवा यांचें पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांचा इतिहास आहे. गोव्यांतील नवख्रिस्ती लोकांना तारणाऱ्याची कथा सांगण्यापूर्वीं पतनाची कथा सांगणें त्या विद्वान धर्मगुरूंना अवश्य वाटलें. रोग ओळखल्याविना वैद्याचें मोल कळत नाहीं, हेंच त्याचें कारण असावें.

ती कथा आपण सर्वजण बाळपणापासून ऐकत आलों आहों. पण आपलें लक्ष बहुधा फळापाशींच थांबतें. फळ खाल्ल्यानंतर काय झालें तें पाहा. आदाम आणि एवा झाडांमागें लपलीं. देवानें आदामाला हांक मारून तो कोठें आहे असें विचारलें. सर्वज्ञ देवाला तो कोठें आहे हें ठाऊक नव्हतें काय? ठाऊक होतें. तो प्रश्न माहितीसाठीं विचारलेला नव्हता. आदामाला आपण होऊन पुढें येतां यावें म्हणून पित्यानें उघडलेलें तें दार होतें. आदामानें त्या दारांतून पाऊल टाकलें असतें, तर केवढें बरें झालें असतें! पण त्यानें काय केलें? स्त्रीकडे बोट दाखविलें. इतकेंच नव्हे, तर ती स्त्री देवानेंच आपल्याला दिली होती, असें सांगून दोषाचा वांटा देवाच्याही पदरीं घातला. एवेनें सापाकडे बोट दाखविलें. दोघांपैकीं कोणाच्याही तोंडून ‘हें मीं केलें’ एवढे शब्द निघाले नाहींत. आज्ञा मोडणें हें पहिलें पाप. सबब सांगणें ही त्या पापाची पहिली संतति.

आतां कोणी विचारील, आदामानें केलें तर त्याचा भार आमच्यावर कां? हा प्रश्न नवा नाहीं. पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलागियस नांवाच्या एका तपस्व्याची शिकवण पसरली होती. तिचा मथितार्थ असा कीं, आदामानें आपल्याला केवळ वाईट उदाहरण घालून दिलें. मनुष्याचा स्वभाव मात्र पूर्वींसारखाच धडधाकट आहे, आणि मनांत आणल्यास तो स्वतःच्या बळावर पुण्यवान होऊं शकतो. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टिन यांनीं या मताचें खंडन केलें, आणि इ. स. ४१८ सालीं कार्थेज येथें भरलेल्या धर्मसभेनें तें त्याज्य ठरविलें. पुढें ट्रेंटच्या विश्वधर्मसभेनें आपल्या पांचव्या बैठकींत, इ. स. १५४६ सालच्या जून महिन्याच्या १७ तारखेस, आदिपापाविषयींची शिकवण निश्चित शब्दांत मांडली. आदामानें आपलें मूळचें पावित्र्य व न्यायीपण गमावलें, तें केवळ स्वतःपुरतें गमावलें नाहीं, तर आपणां सर्वांसाठीं गमावलें. आणि हें पाप अनुकरणानें नव्हे, तर वंशपरंपरेनें आपणांपर्यंत येतें, असा त्या शिकवणीचा सारांश आहे.

आपणां शेतकऱ्यांना ही गोष्ट समजावयास अवघड पडूं नये. एका आजोबानें आपलें सुपीक शेत घालविलें. त्याची नातवंडें जन्मलीं तीं भूमिहीन जन्मलीं. त्यांनीं कोणत्याही कागदावर अंगठा उठविला नव्हता. त्यांना शिक्षा द्यावी असा त्यांचा वैयक्तिक अपराधही नव्हता. पण शेत गेलें तें गेलेंच, आणि ज्या घरांत धान्याची कणगी भरलेली असावयाची, त्या घरांत तीं उपाशीं वाढलीं. आदिपाप हें असें आहे. तें आपण केलेलें कृत्य नसून आपणांस प्राप्त झालेली अवस्था आहे. ज्या पवित्रीकरण कृपेंत आपण जन्मावयाचे, तिच्या अभावीं आपण जन्मतों. हा दृष्टांत सर्व अंगांनीं पुरा पडत नाहीं. कारण आपल्या आत्म्यावर सैतानाचा कोणताही न्याय्य हक्क नाहीं. परंतु गमावलेल्या वतनाचें दुःख काय असतें, एवढें तो सांगतो.

आणि येथेंच ज्युबिलीचा खरा अर्थ उघड होतो. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत असें आहे कीं, प्रभु येशू नाझरेथच्या सभास्थानांत उभा राहिला, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकांतून त्यानें बंदिवानांच्या सुटकेचें व प्रभूच्या प्रसादाच्या वर्षाचें वचन वाचलें, आणि तें वचन त्याच दिवशीं पूर्ण झालें असें सांगितलें. म्हणजे आदामानें गमावलेलें वतन परत देण्यासाठीं आलेला धनी तो हाच. त्यानें कालवारीवर आपलें रक्त सांडून जें मिळविलें, तें आपणांस बाप्तिस्म्याच्या संस्कारांत दिलें जातें. या मंदिराच्या दाराजवळील त्या साध्या दगडी कुंडापाशीं पन्नास वर्षांत किती बाळांना त्यांचें वतन परत मिळालें असेल! घंटेपेक्षां व मनोऱ्यापेक्षां या पॅरिशचें खरें वैभव तें कुंड आहे. केवळ एका व्यक्तीला या ऋणाचा स्पर्शही झाला नाहीं. धन्य कुमारी मरिया ही आपल्या पुत्राच्या भावी पुण्यामुळें गर्भसंभवाच्या क्षणापासूनच आदिपापापासून मुक्त राखली गेली, ही श्रद्धा पोप नववे पायस यांनीं इ. स. १८५४ च्या डिसेंबर महिन्याच्या ८ तारखेस जाहीर केली. तीही तारली गेली ती ख्रिस्तामुळेंच. आपणांस चिखलांतून वर काढलें, तिला चिखलांत पडूं दिलें नाहीं, एवढाच भेद.

परंतु शेत परत मिळालें म्हणजे हरळी नाहींशी झाली असें होत नाहीं. बाप्तिस्म्यानें आदिपाप पुसलें जातें. पण पापाकडे असलेली मनाची ओढ मागें राहते. ही ओढ पापांतून उत्पन्न झालेली आहे व पापाकडे नेते. तरी आपण तिला संमति देईपर्यंत ती स्वतः पाप नव्हे, असें ट्रेंटच्या त्याच धर्मसभेनें सांगितलें आहे. हरळीच्या मुळ्या जमिनींत असणें हा शेतकऱ्याचा दोष नाहीं. ती उपटावयाची सोडून खाटेवर पडून राहणें हा मात्र त्याचा दोष आहे.

हें येवढ्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, आदिपापाची शिकवण ऐकून कित्येकांना त्यांत एक सोयीची सबब सांपडते. ‘मनुष्य मुळांतच पापी, त्याला आम्ही काय करणार?’ ‘आमच्या घराण्यांतच राग आहे.’ ‘माझा स्वभावच तसा.’ ‘मीं नाहीं, दारूनें केलें.’ ‘आधीं त्यानें सुरुवात केली.’ ही भाषा आपल्या ओळखीची आहे ना? ती एदेन बागेंतली भाषा आहे. वास्तविक जन्मानें आलेलें तें वेगळें आणि हातानें केलेलें तें वेगळें, हा विवेक ही शिकवणच आपणांस देते. ज्या संत ऑगस्टिननीं आदिपापाविषयीं सर्वांत अधिक लिहिलें, त्यांचेंच उदाहरण घ्या. आपल्या ‘आत्मनिवेदन’ या ग्रंथांत त्यांनीं सोळा वर्षांचे असतां सोबत्यांसह एका झाडाचीं नासपतीं चोरल्याची हकीकत सांगितली आहे. भूक नव्हती, त्याहून चांगलीं फळें त्यांच्यापाशीं होतीं, चोरलेलीं फळें बहुतेक डुकरांपुढें टाकलीं. आदामावर दोष ढकलणें त्यांच्याइतकें सोपें कोणास होतें? पण त्यांनीं तो ढकलला नाहीं. इतकीं वर्षें उलटल्यावर, बिशप झाल्यावर, त्यांनीं जगापुढें कबूल केलें कीं, मला पापच आवडलें म्हणून मीं तें केलें.

पश्चात्तापाचा आरंभ या ‘मीं’ पासून होतो. दावीद राजानें दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला युद्धांत मरावयास पाठविलें. नाथान संदेष्ट्यानें त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. राजा संतापला, आणि त्या श्रीमंताला मरणदंड योग्य आहे असें म्हणाला. तो श्रीमंत तूंच, असें संदेष्ट्यानें सांगतांच दावीदानें ना सबब सांगितली, ना संदेष्ट्याला बंदींत टाकलें. प्रभूविरुद्ध आपण पाप केलें आहे, एवढेंच तो म्हणाला.

तसेच दोन प्रेषित पाहा. यूदासानें प्रभूला धरून दिलें आणि पेत्रानें त्याला तीन वेळां नाकारलें. दुःख दोघांनाही झालें. यूदासानें तर रुप्याचीं तीस नाणीं परत नेऊन टाकलीं व आपण निर्दोष रक्ताचा घात केला असें कबूलही केलें. मग भेद कोठें पडला? यूदास आपलें पाप घेऊन मुख्य याजकांकडे गेला, आणि ते त्याला म्हणाले कीं, आम्हांला त्याचें काय! तेथून तो निराशेच्या अंधारांत गेला. पेत्रानें प्रभूच्या नजरेस नजर दिली, बाहेर जाऊन तो रडला, आणि पुढें तिबेरियाच्या सरोवराकांठीं त्याच प्रभूसमोर उभा राहिला. ज्यानें तीन वेळां नाकारलें, त्याला प्रभूनें तीन वेळां प्रीतीविषयीं विचारलें. पाप कळणें म्हणजे अर्धा मार्ग. उरलेला अर्धा मार्ग क्षमा करणाऱ्याच्या पायांपाशीं संपतो.

तो मार्ग ख्रिस्तसभेनें आपल्याला पापनिवेदनाच्या संस्कारांत आंखून दिला आहे. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेनें प्रत्येक समंजस ख्रिस्ती माणसानें वर्षांतून निदान एकदां पापनिवेदन करावें असा नियम केला. ट्रेंटच्या धर्मसभेनें इ. स. १५५१ सालीं आपल्या चौदाव्या बैठकींत पश्चात्ताप्याकडून होणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या: मनाचा अनुताप, तोंडाची कबुली आणि कृतीनें भरपाई. आपण बाळपणीं प्रश्नोत्तरांत शिकलों ती पायरी पायरीची वाट हीच: विवेकाची तपासणी करावी, पापाचें दुःख मानावें, पुन्हां तें न करण्याचा निश्चय करावा, धर्मगुरूपाशीं सर्व महापापें सांगावीं आणि दिलेलें प्रायश्चित्त करावें. देवावरील प्रीतीमुळें जो अनुताप होतो तो पूर्ण, आणि पापाच्या किळसेमुळें वा शिक्षेच्या भयामुळें होतो तो अपूर्ण. तरी हा अपूर्ण अनुतापही या संस्कारांत देव स्वीकारतो. इतका तो दयाळू आहे. आणि जें कानांत सांगितलें तें त्या कानांतच राहतें. प्राण गेला तरी धर्मगुरूला तें उघड करतां येत नाहीं.

यांपैकीं शेवटची पायरी, म्हणजे भरपाई, आपण फार हलकी समजतों. जक्कय नांवाच्या जकातदाराच्या घरीं प्रभु गेला, तेव्हां त्यानें केवळ डोळे पुसले नाहींत. ज्याचें अन्यायानें घेतलें असेल त्याला चौपट परत देईन, असें तो बोलला. याविषयीं एक गोष्ट सांगावयाची आहे. ती दुसऱ्या कोणाची नसून आमचीच आहे, आणि आपणांपुढें ती सांगणें हा आमच्या प्रायश्चित्ताचाच भाग आहे असें आम्ही समजतों.

आमचें शेत आणि आमच्या थोरल्या चुलतबंधूंचें शेत यांमध्यें एकच बांध आहे. एका पावसाळ्यांत तो फुटला. तो पुन्हां घालतांना आम्हीं तो हातभर त्यांच्या बाजूस घातला. त्यांनीं विचारलें, तेव्हां आम्हीं सांगितलें, ‘पाण्यानें सरकला.’ पाहा, एवेनें सापाचें नांव घेतलें. आम्हीं पाण्याचें घेतलें! त्या दिवसापासून दोन घरांचें बोलणें तुटलें. एकाच विहिरीवर दोन्ही घरच्या बायका एकमेकींकडे पाठ करून पाणी शेंदूं लागल्या. त्यांच्या घरीं लग्न झालें. आम्ही गेलों नाहीं. आमची आई वारली. तेव्हां ते दफनभूमीपर्यंत आले, मूठभर माती घातली आणि एक शब्द न बोलतां निघून गेले. अशीं चौदा वर्षें गेलीं.

या चौदा वर्षांत आम्ही दर ईस्टरपूर्वीं पापनिवेदनास जात होतों. भावावर राग धरला, हें पाप प्रत्येक वेळीं सांगत होतों. रागाचें मूळ मात्र एकदांही सांगितलें नाहीं. शेवटीं एका वृद्ध धर्मगुरूंनीं हळूच विचारलें, ‘बाळा, इतका जुना राग कशाचा?’ आमच्यानें उत्तर देववेना. बऱ्याच वेळानें आमच्या तोंडून निघालें, ‘फादर, बांध मीं सरकवला.’ चौदा वर्षांत पहिल्यानेंच ‘मीं’ म्हटलें! त्यांनीं आम्हांला पापमुक्ति दिली, आणि घेतलेलें परत करावें असें बजावलें.

त्याच संध्याकाळीं आम्ही चुलतबंधूंच्या ओटीवर गेलों. ते सुंभ वळीत बसले होते. आम्हीं म्हटलें, ‘दादा, बांध मीं सरकवला होता.’ त्यांनीं मान वर केली नाहीं. ‘ठाऊक आहे,’ ते म्हणाले. मग थोड्या वेळानें म्हणाले, ‘उद्यां सकाळीं दोरी घेऊन ये.’ दुसऱ्या दिवशीं दोरीचें एक टोंक त्यांनीं धरलें, एक आम्हीं धरलें, आणि बांध जागच्या जागीं आणला. त्यांनीं आम्हांला मिठी मारली नाहीं; गोड शब्दही बोलले नाहींत. पण काम संपल्यावर त्यांच्या सुनेनें चहाचे दोन पेले आणून बांधावर ठेवले, आणि आम्ही दोघांनीं ते तेथेंच बसून घेतले. हें सर्व पाहावयास आमची आई मात्र राहिली नव्हती. पापाची क्षमा होते. वायां गेलेला काळ परत येत नाहीं. म्हणून, बंधुभगिनींनो, ज्याला दोरी घेऊन जावयाचें असेल त्यानें आजच जावें.

हें झालें क्षमा मागणाऱ्याविषयीं. जो क्षमा करावयाचा त्याचें काय? त्याच्यासाठीं प्रभूनें मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत दोन ऋणकऱ्यांचा दृष्टांत दिला आहे. एका चाकराला राजाचें १० हजार तालांत देणें होतें. एक तालांत म्हणजे सुमारें ६ हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे तें कर्ज ६ कोटि दिवसांच्या मजुरीइतकें झालें. कोणत्याही मनुष्याच्या जन्मांत तें फिटणें शक्य नव्हतें. राजानें तें सर्व सोडलें. त्याच चाकरानें बाहेर जाऊन आपल्या सोबत्याचा १०० दिनारांसाठीं गळा धरला. शंभर दिवसांची मजुरी ही कांहीं क्षुल्लक रक्कम नव्हे. आपल्या शेजाऱ्यानें आपणांस दिलेलें दुःख खोटें आहे, असें प्रभु म्हणत नाहीं. आपल्याला काय सोडलें गेलें आहे त्याच्याशीं तें ताडून पाहा, एवढेंच तो म्हणतो. आदिपापाची शिकवण येथेंही आपल्या कामीं येते. आपण सर्व एकाच बुडीत घरचीं लेंकरें आहों. एकानें दुसऱ्याकडे उंचावरून पाहावें असें स्थान कोणालाच नाहीं.

अशी क्षमा पुस्तकांतच असते असें कोणी म्हणूं नये. मध्यप्रदेशांत इंदूरच्या बाजूस उदयनगर येथें सिस्टर राणी मारिया या क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी गरीब आदिवासी शेतमजुरांत काम करीत होत्या. हे लोक सावकारांच्या कर्जांत पिढ्यान्‌ पिढ्या अडकलेले होते. सिस्टरांनीं त्यांना आपले हक्क समजाविले आणि त्यांना स्वतःच्या पायांवर उभें केलें. ज्यांचें यामुळें नुकसान झालें, त्यांनीं त्यांचा कांटा काढण्यासाठीं एक तरुण पाठविला. इ. स. १९९५ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २५ तारखेस त्यानें बसच्या प्रवासांत त्यांच्यावर पन्नासाहून अधिक वार करून त्यांचा वध केला. त्याला जन्मठेप झाली.

सिस्टर राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल याही धर्मभगिनीच. इ. स. २००२ सालीं रक्षाबंधनाच्या सुमारास त्या तुरुंगांत गेल्या, आणि ज्या हातानें आपल्या बहिणीचा प्राण घेतला, त्याच हाताला त्यांनीं राखी बांधून त्याला भाऊ मानलें. त्यांच्या मातेनेंही त्याला क्षमा केली. तो पश्चात्ताप पावला होता. पुढें सिस्टरांच्या कुटुंबीयांनीं व संघानें त्याच्या सुटकेसाठीं रदबदली केली, आणि इ. स. २००६ सालीं तो तुरुंगांतून सुटला. इ. स. २०१७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ४ तारखेस इंदूर येथें सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें. कर्जांत बुडालेल्यांसाठीं एका बहिणीनें रक्त दिलें, आणि दुसरीनें त्याहून मोठें कर्ज एका धाग्यानें सोडून दिलें. ज्युबिलीचा याहून उघड अर्थ कोणतें भाष्य सांगणार?

मात्र एका गैरसमजापासून आपण सावध असावें. क्षमा करणें म्हणजे अन्यायाला मुभा देणें नव्हे. त्या मारेकऱ्यानें न्यायालयानें दिलेली शिक्षा अनेक वर्षें भोगली. सिस्टरांनीं त्याच्या कृत्याला कधींच बरें म्हटलें नाहीं. घरांत मार खाणाऱ्या बहिणीला ‘क्षमा कर आणि गप्प बस’ असें सांगणें, ही ख्रिस्ती शिकवण नाहीं. अन्याय थांबविणें, दुर्बळाचें रक्षण करणें आणि त्याच वेळीं अन्याय करणाऱ्याच्या तारणासाठीं प्रार्थना करणें, हीं तिन्ही कामें एकाच प्रीतीचीं आहेत. तसेंच, समोरच्यानें दोरी घेऊन येण्यापूर्वींच आपलें मन क्षमेला तयार असावें. देवानेंही आदाम पुढें येण्यापूर्वींच त्याला हांक मारली.

आतां आम्ही आवरतें घेतों. बाहेर मांडव सजला आहे. बँड तयार आहे. स्वयंपाकाचा वासही येथपर्यंत येत आहे. हा आनंद योग्यच आहे. पण त्यापूर्वीं एक विनंती. येत्या शनिवारीं धर्मगुरु पापनिवेदन ऐकण्यास बसतील, तेव्हां आपण ज्युबिलीचें पापनिवेदन करावें. आणि त्यांत दरवर्षीं गाळलेलें तें एक वाक्य सांगावें. ज्या एका दारांत इतक्या वर्षांत पाऊल टाकलें नाहीं, त्या एका दारीं जावें. आणि मंदिरांतून बाहेर पडतांना बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं क्षणभर थांबून, आपलें गमावलेलें वतन आपणांस येथें परत मिळालें, याबद्दल देवाचे आभार मानावे.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडिलांनीं दगडावर दगड ठेवून हें मंदिर उभें केलें. तें उभें राहिलें आहे तें चुन्यासिमेंटानें. पॅरिश मात्र क्षमेनें उभी राहते. तो चुना सुटला म्हणजे भिंती शाबूत असूनही घर पडतें. ज्या पित्यानें एदेन बागेंत आदामाला हांक मारली, तो आजही आपणां प्रत्येकाला नांवानें हांक मारीत आहे. आपण झाडांमागून बाहेर यावें, ‘मीं केलें’ असें म्हणावें, आणि मग या ज्युबिलीचें शिंग आपल्या घराघरांत आनंदानें वाजावें, हीच प्रभु येशूच्या चरणीं व आपल्या निष्कलंक मातेच्या मध्यस्थीनें आमची नम्र प्रार्थना आहे. आमेन.